'द थिंग'मधली रक्ताची टेस्ट आणि आपला पॉझिटिव्ह कंट्रोल

मागच्या वेळी सिनॉप्सिसमध्ये हायपोथेसिस कसा लिहायचा ते पाहिलं. आज त्याच विषयाला धरून, पण जरा वेगळ्या वाटेनं जाऊ. आज एका सिनेमाबद्दल लिहिते आहे. जॉन कार्पेंटरचा 'द थिंग', १९८२ सालचा. आधीच सांगते, या लेखात सिनेमाची सगळी गोष्ट फुटणार आहे, शेवटासकट. पाहिला नसेल तर आधी पाहून या. मात्र जेवता जेवता पाहू नका.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये भय-विज्ञानपट बघणाऱ्यांची एक छोटी टोळी आहे. परवा सगळ्यांनी मिळून हा पाहिला आणि नंतर कँटीनमध्ये जे काही मतप्रदर्शन झालं, त्यात तीन सूर होते. पहिला म्हणे, "काय भारी इफेक्ट्स आहेत, कॉम्प्युटर ग्राफिक्सशिवाय!" दुसरा म्हणे, "तेव्हाच्या समीक्षकांना काही कळत नव्हतं." आणि तिसरा अर्थातच, "शेवटी त्या दोघांतला थिंग कोण?" या सिनेमाचे चाहते जगात कुठेही भेटले तरी साधारण याच तीन गोष्टी बोलतात.

तिन्ही गोष्टी बोलण्यासारख्या आहेतच. पण मला वाटतं, सिनेमाचा कणा दुसरीकडे आहे. तो आहे रक्ताच्या टेस्टच्या प्रसंगात. आणि तो प्रसंग भीतीदायक का आहे, हे लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला जरा जास्त नीट कळतं. कारण तिथली भीती राक्षसाची नाही. आपल्या हातातली टेस्ट खरंच काही सांगते आहे का, हे माहीत नसण्याची ती भीती आहे.

गोष्ट थोडक्यात

अंटार्क्टिकावर एक अमेरिकन संशोधन तळ. हिवाळा लागतोय. तळावर बारा पुरुष. एका कुत्र्यामागे नॉर्वेच्या तळावरचं हेलिकॉप्टर गोळ्या झाडत येतं. पाठलाग करणारे नॉर्वेजियन मरतात, कुत्रा वाचतो आणि आपली मंडळी त्याला आत घेतात. तो कुत्रा म्हणजे परग्रहावरून आलेला, हजारो वर्षं बर्फात गाडला गेलेला एक जीव असतो. तो ज्याच्या संपर्कात येतो त्याच्या पेशी गिळतो आणि त्याची हुबेहूब नक्कल करतो. चेहरा तोच, आवाज तोच, वागणं तेच. त्यामुळे बारा जणांतला कोण माणूस आणि कोण नक्कल, हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणजे बघा, प्रश्न किती स्वच्छ मांडलाय. दोन गट आहेत, माणूस आणि थिंग. बाहेरून दिसणाऱ्या एकाही लक्षणावरून ते वेगळे करता येत नाहीत. वेगळे करायला एक टेस्ट पाहिजे. ती कुठून आणायची? आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या थिसिसचा प्रश्न या सांगाड्यात बसेल.

निरीक्षण ते हायपोथेसिस

नॉरिस नावाचा एकजण कोसळतो. डॉक्टर कॉपर त्याला छातीवर शॉक द्यायला जातो, तर छातीच फाटते आणि डॉक्टरचे दोन्ही हात तोडते. मॅकरेडी (कर्ट रसेल) त्या देहाला आग लावतो. तेवढ्यात नॉरिसचं मुंडकं धडापासून स्वतःला ओढून वेगळं करतं, त्याला कोळ्यासारखे पाय फुटतात आणि ते गुपचूप दाराकडे चालू लागतं.

रॉब बॉटिनच्या इफेक्ट्सचं कौतुक करणारे इथे थांबतात, आणि कौतुक रास्तच आहे. पण मॅकरेडी इथे थांबत नाही. तो या किळसवाण्या दृश्यातून एक निष्कर्ष काढतो. धड जळत असताना मुंडकं पळालं, म्हणजे प्रत्येक तुकडा हा स्वतंत्र जीव आहे आणि प्रत्येकाला स्वतःचा जीव वाचवायचा आहे. हे खरं असेल तर रक्ताचा थेंबही तसाच वागला पाहिजे. माणसाचं रक्त म्हणजे नुसता द्रव, गरम तार लावली तर चर्र होईल आणि संपलं. थिंगचं रक्त मात्र तारेपासून पळेल.

निरीक्षण, त्यातून हायपोथेसिस, हायपोथेसिसमधून एक भाकीत आणि ते भाकीत तपासायची सोपी, स्वस्त पद्धत. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात जे चार चौकोन आणि बाण असतात, ते इथे दोन मिनिटांत होतात. आणि मुद्दा असा की पटकथाकार बिल लँकेस्टरनं ते शास्त्रज्ञाच्या तोंडी दिलेलं नाही. मॅकरेडी हेलिकॉप्टरचा पायलट आहे. त्याच्याकडे जीवशास्त्राची डिग्री नाही, पण जे दिसलं त्याचा अर्थ शेवटपर्यंत ओढत न्यायची सवय आहे.

आणखी एक बारीक गंमत. मुंडकं पळतंय हे ज्याच्या आधी लक्षात येतं तो पामर. आणि पामर स्वतःच थिंग आहे, हे आपल्याला थोड्या वेळानं कळतं. म्हणजे एका थिंगनं दुसऱ्याला पकडून दिलं! पहिल्यांदा बघताना ही पटकथेतली चूक वाटते. पण मॅकरेडीचा हायपोथेसिस आठवा. प्रत्येक तुकडा आपापला जीव वाचवतो. मग दुसऱ्याला पकडून देऊन आपल्यावरचा संशय टाळणं त्यात चपखल बसतं. सिनेमा हे कुठेही समजावून सांगत नाही. डेटा ठेवतो आणि पुढे जातो.

टेस्ट: आधी चार निगेटिव्ह

आता मुख्य प्रसंग. मॅकरेडी सगळ्यांना बांधून ठेवतो. विंडोज नावाचा रेडिओवाला प्रत्येकाचं रक्त काढतो. काचेच्या बश्या, त्यांवर नावं. तांब्याची तार तापवायची आणि रक्तात बुडवायची.

पहिला विंडोज. चर्र. काही नाही. दुसरा स्वतः मॅकरेडी. चर्र. काही नाही. मग कॉपर आणि क्लार्क, दोघेही मेलेले. तिथेही काही नाही.

आता तुम्ही त्या खोलीत बांधलेले आहात असं समजा. चार टेस्ट झाल्या, चारही निगेटिव्ह. तुम्हाला काय कळलं?

प्रामाणिक उत्तर आहे, काहीच नाही. चारही माणसं खरी असतील म्हणून निगेटिव्ह आलं असेल. किंवा टेस्टच बोगस असेल, थिंगच्या रक्ताला तारेचा काही फरकच पडत नसेल. या दोन शक्यता वेगळ्या करायला तुमच्याकडे काहीही नाही. कारण ही टेस्ट कधीतरी पॉझिटिव्ह येते, हे अजून कोणी पाहिलेलंच नाही.

बेंचवर काम केलेल्यांना हे ओळखीचं आहे. पीसीआर लावला, जेल चालवलं, एकाही सॅम्पलमध्ये बँड नाही. नवीन मुलगा लगेच लिहितो, "जीन आढळला नाही." गाइड पहिला प्रश्न विचारतात, "पॉझिटिव्ह कंट्रोल कुठाय?" ज्यात जीन आहे हे आधीच माहीत आहे असं एक सॅम्पल शेजारी चालवलं नसेल, तर त्या कोऱ्या जेलचा अर्थ 'जीन नाही' असाही होतो आणि 'प्रायमर खराब होता', 'एन्झाइम मेलं होतं', 'मशीनचा प्रोग्रॅम चुकला' असाही होतो. काही न दिसणं हा निष्कर्ष ठरायचा असेल, तर असतं तेव्हा ते दिसतं हे आधी दाखवावं लागतं. पॉझिटिव्ह कंट्रोल त्यासाठी असतो.

मॅकरेडीकडे पॉझिटिव्ह कंट्रोल नाही. असणारही नाही. थिंगचं रक्त आहे हे नक्की माहीत असलेली बशी आणायची कुठून? आणि ही उणीव सिनेमाला पूर्ण ठाऊक आहे. चार निगेटिव्ह झाल्यावर बांधलेला गॅरी, तळाचा प्रमुख, चिडून म्हणतो की हा सगळा मूर्खपणा आहे, यानं काहीच सिद्ध होत नाही. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मॅकरेडीकडे याला उत्तर नाही. तो उलट गॅरीवरच संशय घेतो, तुझी टेस्ट शेवटी करू म्हणतो. आणि हे बोलता बोलता, गॅरीकडे बघत, जवळजवळ बेसावधपणे पामरच्या बशीत तार घालतो.

रक्त किंचाळत बशीतून उडी मारतं.

कितीही वेळा पाहिलं तरी इथे दचकायला होतं. दचका आवाजाचा आहे, मान्य. पण त्याच क्षणी दुसरंही काहीतरी होतं. पामर पॉझिटिव्ह आला आणि मागच्या चारही निगेटिव्ह निकालांना अर्थ आला. विंडोज माणूस होता. मॅकरेडी माणूस होता. कॉपरही आणि क्लार्कही. एका बशीनं मागचा सगळा डेटा वाचण्याजोगा केला. कार्पेंटरनं आक्षेप आणि उत्तर एकमेकांना इतकं चिकटून ठेवलंय की आपण आधी दचकतो आणि टेस्ट चालते हे आपल्याला नंतर उमगतं.

माझ्या मते या प्रसंगाची ताकद इथे आहे. तुम्ही राक्षस काढून टाका, नुसत्या बश्या आणि तार ठेवा, तरी ताण तेवढाच राहील.

टेस्ट बरोबर निघाली, पण...

इथपर्यंत विज्ञानाचा विजय वगैरे वाटू शकतं. सिनेमा तिथे थांबत नाही म्हणून तो मोठा आहे.

क्लार्कचं बघा. क्लार्क कुत्र्यांची देखभाल करणारा. तो त्या आलेल्या कुत्र्यासोबत बराच वेळ होता म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर संशय. टेस्टच्या जरा आधी तो मॅकरेडीवर चाकू घेऊन धावतो आणि मॅकरेडी त्याच्या डोक्यात गोळी घालतो. नंतर त्याच्या रक्ताची बशी. चर्र. काही नाही. माणूस होता. बांधलेला चाइल्ड्स लगेच सुनावतो की म्हणजे तू खुनी ठरलास.

मॅकरेडी क्षणभर गप्प होतो आणि पुढची बशी घेतो.

फॉल्स पॉझिटिव्हची किंमत आपण वर्गात टक्क्यांमध्ये शिकतो. इथे ती एका प्रेताच्या रूपात आहे. क्लार्कवरचा संशय वाजवी होता, पुरावा परिस्थितीजन्य होता आणि निष्कर्ष चुकीचा होता. टेस्टनं ते सांगितलं, पण काही मिनिटं उशिरा.

दुसरी गोष्ट ब्लेअरची. सगळ्यांची टेस्ट झाली, उरलेले सुटले. पण 'सगळे' म्हणजे खोलीत होते ते. ब्लेअर नावाचा जीवशास्त्रज्ञ बाहेरच्या शेडमध्ये कोंडलेला होता. टेस्टनंतर त्यांना आठवतं की त्याची राहिली. जातात तर तो जागेवर नाही. खाली भुयार खणून तो काहीतरी बांधत होता. जो सॅम्पलमध्ये आला नाही तोच थिंग होता!

सर्व्हे करणाऱ्यांनी हा प्रसंग दोनदा पाहावा. टेस्ट कितीही चोख असली, तरी ज्यांना आपण मोजलंच नाही त्यांच्याबद्दल ती काही सांगत नाही. आणि बहुतेक वेळा न मोजलेले लोक योगायोगानं राहून गेलेले नसतात. ब्लेअरला मुद्दाम बाहेर ठेवलं होतं, कारण तो त्रासदायक होता.

बिघडवलेला कंट्रोल

तारेच्या आधी तळावर एक जास्त शास्त्रशुद्ध टेस्ट सुचवली गेली होती. डॉक्टर कॉपर म्हणतो, आपल्याकडे फ्रिजमध्ये साठवलेलं शुद्ध मानवी रक्त आहे. प्रत्येकाचं रक्त त्यात मिसळू, माणसाचं नसेल तर प्रतिक्रिया येईल. सगळे फ्रिज उघडतात तर पिशव्या फाडलेल्या, रक्त सांडलेलं. कुलूप तोडलेलं नाही. किल्ली गॅरीकडे, ती वापरायचं काम डॉक्टरचं. कोणी केलं? सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही.

थिंगनं कोणावर हल्ला केला नाही, कंट्रोलवर केला. यावरून त्याची बुद्धी कळते.

हा सिनेमा ज्या कथेवर आहे ती जॉन कॅम्पबेलची 'हू गोज देअर?', १९३८ साली आलेली. कॅम्पबेल भौतिकशास्त्र शिकलेला माणूस होता. त्याच्या कथेत हाच प्रसंग वेगळा आहे आणि संशोधकाच्या नजरेनं जास्त खतरनाक आहे. तिथे एका कुत्र्याला मानवी रक्त टोचून त्याच्यापासून असं सीरम बनवतात की ते फक्त मानवी रक्तालाच प्रतिसाद देईल. पण तपासून पाहतात तर ते राक्षसाच्या रक्तालाही प्रतिसाद देतं! कारण? कुत्र्याला टोचायला रक्त दोन माणसांनी दिलं होतं आणि त्या दोघांतला एक माणूस नव्हता. म्हणजे टेस्ट ज्या पायावर उभी, तो पायाच दूषित.

आज लेबलवर एक नाव आणि आत भलत्यालाच चिकटणारी अँटीबॉडी, किंवा वर्षानुवर्षं दुसऱ्याच पेशींनी भरलेली सेल लाइन, या अडचणी आपल्याकडे रोजच्या आहेत. कॅम्पबेलनं ती भीती १९३८ मध्ये लिहून ठेवली. या एका ठिकाणी मला कथा सिनेमापेक्षा सरस वाटते. फाडलेल्या पिशव्या पडद्यावर चांगल्या दिसतात, पण दूषित सीरम जास्त खोल जातं. उलट शेवटाच्या बाबतीत सिनेमा सरस आहे. कथेत टेस्ट यशस्वी होते, राक्षस सापडतात, माणसं जिंकतात. सिनेमात टेस्ट यशस्वी होते आणि तरी कोणी जिंकत नाही.

ब्लेअरचा कॉम्प्युटर

ब्लेअरबद्दल अजून थोडं बोलायला हवं, कारण आपल्यासारख्यांना सर्वात जवळचं पात्र तेच आहे. तो एकटा बसून कॉम्प्युटरवर हिशेब करतो. उत्तर येतं: गटातल्या एका किंवा अधिक जणांना लागण झाली असण्याची शक्यता ७५ टक्के, आणि हा जीव वस्तीपर्यंत पोहोचला तर पहिल्या संपर्कापासून २७,००० तासांत सगळं जग बाधित. २७,००० तास म्हणजे साधारण तीन वर्षं.

आमच्या टोळीतला स्टॅटिस्टिक्सवाला इथे हसला. "७५ आला कुठून? इनपुट काय दिलं?" बरोबर आहे, त्या आकड्यामागे काय गृहीत धरलंय ते पडद्यावर येत नाही. पण मला तो दोष वाटत नाही. ब्लेअर निष्कर्षात बरोबरच आहे! तळावर सर्वात आधी धोका ओळखणारा तोच. पण तो हे कोणाला सांगत नाही. कुऱ्हाड घेतो, रेडिओ फोडतो, हेलिकॉप्टर निकामी करतो, उरलेले कुत्रे मारतो. त्याच्या दृष्टीनं ते योग्यही आहे, जग वाचवायचं तर इथून कोणी बाहेर जाता कामा नये. पण त्याचा परिणाम असा की बाकीच्यांना तो वेडा वाटतो, त्याला कोंडतात, आणि जीवशास्त्र कळणारा सर्वात महत्त्वाचा माणूस चर्चेतून बाहेर जातो. एकटा पडतो आणि एकट्यालाच थिंग गाठतं.

बरोबर असणं पुरत नाही, बरोबरचं दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीनं मांडावं लागतं. हे वाक्य गाइडच्या तोंडून कंटाळवाणं वाटतं. ब्लेअरला पाहिल्यावर नाही वाटत.

सिनेमात काय जमलेलं नाही

चाहत्यांच्या गप्पांत दोष सांगितले की मंडळी रागावतात. तरी सांगते. पहिली गोष्ट, बारा जणांतले सहा-सात तरी एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत. कोण खरा, कोण नक्कल हा प्रश्न असलेल्या सिनेमात आधी 'खरा' माणूस कसा होता हे आपल्याला माहीत पाहिजे ना? नॉरिस बदलला हे आपल्याला कळत नाही, कारण न बदललेला नॉरिस आपण नीट पाहिलेलाच नाही. बेसलाइनच घेतलेली नाही म्हणा! काहीजण म्हणतात की हे मुद्दाम आहे. मला पटत नाही. मॅकरेडी, चाइल्ड्स आणि ब्लेअर लक्षात राहतात, म्हणजे कार्पेंटरला पात्रं उभी करता येत होती.

दुसरी गोष्ट, ब्लेअरनं भुयारात हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांतून उडतं यान बांधायला घेणं. इतका वेळ काटेकोर असलेला सिनेमा इथे एकदम सैल पडतो. आणि तिसरी, टेस्टनंतरचा स्फोटांचा भाग. जनरेटर रूममधला मोठा राक्षस हा सिनेमातला सर्वात कमी भीतीदायक प्रसंग आहे, कारण तोपर्यंत 'कोण?' हा प्रश्न संपून फक्त 'मारा' उरलेलं असतं.

"समीक्षक मूर्ख होते"

'द थिंग' अमेरिकेत २५ जून १९८२ रोजी लागला. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा 'ई. टी.' आला होता, प्रेमळ परग्रहवासीवाला. 'द थिंग'च्याच दिवशी 'ब्लेड रनर'ही लागला. 'द थिंग' तेव्हा चालला नाही आणि समीक्षकांनी झोडपला. एन्यो मोरिकोनेच्या संगीताला तर वाईट कामांसाठी दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्काराचं नामांकन मिळालं. नंतर व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीवर चाहत्यांनी त्याला उचलून धरलं. आज दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन तळावर, हिवाळ्यापूर्वीचं शेवटचं विमान परत गेलं की मागे राहिलेली मंडळी हा सिनेमा बघतात, असा रिवाजच पडला आहे. (आपलेही मैत्री आणि भारती हे तळ अंटार्क्टिकावर आहेत आणि त्यांचं काम गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं. तिथल्या हिवाळी तुकडीत जायचं स्वप्न असलेल्या वाचकांनी आपल्या जबाबदारीवर हा सिनेमा पाहावा!)

यावरून चाहते एक नियम काढतात: समीक्षक ज्याला झोडपतात ते पुढे क्लासिक ठरतं. जरा थांबा. आपल्याला झोडपलेले आणि नंतर वाचलेले सिनेमे आठवतात, कारण ते वाचले. झोडपलेले आणि विसरले गेलेले आठवणार कसे? ते तर आपल्या यादीतच नाहीत. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. 'तीनदा रिजेक्ट झालेला पेपर पुढे गाजला' या गोष्टींनाही हेच लागू. त्या गोष्टी खऱ्या असतात, पण त्यावरून आपला रिजेक्ट झालेला पेपर गाजेल असं ठरत नाही. 'द थिंग' चांगला आहे तो त्याच्या आतल्या गोष्टींमुळे. १९८२ साली तो कोणाला आवडला नाही, हा त्याच्या बाजूचा पुरावा नाही.

शेवटी कोण?

तळ जळून खाक. उरले दोघं, मॅकरेडी आणि चाइल्ड्स. चाइल्ड्स मधला काही वेळ कुठे होता हे आपण पाहिलेलं नाही. दोघं बर्फात समोरासमोर बसतात, एक बाटली वाटून घेतात आणि सिनेमा संपतो.

चाहत्यांनी यावर गेली चाळीस वर्षं काम केलंय. सगळ्यात लोकप्रिय थिअरी श्वासाची. मॅकरेडीच्या तोंडातून वाफ निघताना दिसते, चाइल्ड्सच्या नाही, म्हणून चाइल्ड्स थिंग. आकर्षक आहे. पण भाकीत नीट मांडा. 'थिंगच्या श्वासाची वाफ दिसत नाही' हा नियम सिनेमानं आधी कुठे दाखवलाय? कुठेच नाही. उलट बाधित माणसाची नक्कल हुबेहूब होते, हेच सिनेमा पुन्हा पुन्हा सांगतो. आणि वाफ दिसणं न दिसणं हे प्रकाश कुठून पडतोय यावरही ठरतं. मॅकरेडीच्या मागून उजेड आहे, चाइल्ड्सच्या नाही. म्हणजे नियम शेवटच्या प्रसंगातूनच काढला आणि तिथेच लावला. ज्या डेटावरून हायपोथेसिस सुचला त्याच डेटावर तो तपासायचा, हा घोटाळा आपल्याकडे पेपरांमध्येही होतो.

दुसरी थिअरी बाटलीची. त्यात दारू नसून पेट्रोल आहे, चाइल्ड्सला चव कळली नाही, म्हणून तो थिंग. यासाठी तर बाटलीत पेट्रोल आहे हेच आधी गृहीत धरावं लागतं.

मग उत्तर काय? उपलब्ध डेटावरून सांगता येत नाही. एवढंच उत्तर आहे आणि ते पूर्ण उत्तर आहे. तार नाही, बशी नाही, दोघांतही टेस्ट करायचं त्राण नाही. सिनेमानं मुद्दाम आपल्याला अशा जागी आणून सोडलंय जिथे प्रश्न अगदी स्पष्ट आहे आणि पुरावा अपुरा आहे. तिथे अस्वस्थ वाटणं साहजिक आहे. पण ते घालवायला कुठूनतरी उत्तर ओढून आणणं संशोधनात परवडत नाही. व्हायवामध्ये "या डेटावरून हे सांगता येणार नाही, सांगायचं तर अमुक प्रयोग करावा लागेल" असं शांतपणे म्हणता येणं, याला मी तयारी म्हणते.

तुमच्यासाठी काम

रक्ताच्या टेस्टचा प्रसंग पुन्हा लावा. वही घ्या. प्रत्येक बशीनंतर सिनेमा थांबवा आणि दोन ओळी लिहा: आत्ता या खोलीत कोणाबद्दल काय नक्की माहीत आहे, आणि ते कशावरून. विंडोजनंतर लिहा, मॅकरेडीनंतर, कॉपर आणि क्लार्कनंतर लिहा. मग पामरनंतर मागे जाऊन आधीच्या ओळी दुरुस्त करा. शेवटी अजून एक प्रश्न: पामर पॉझिटिव्ह आल्यामुळे टेस्ट एकदा चालते हे कळलं, पण ती दर वेळी चालते हे कळलं का? त्यानंतर सुटलेल्या नॉल्स, चाइल्ड्स आणि गॅरीवर तुम्ही किती विश्वास ठेवाल?

तुमच्या ओळी कमेंटमध्ये टाका. पुढच्या लेखात सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी बघणार आहोत, तेव्हा त्याच ओळी उदाहरण म्हणून घेऊ.